दोन बुचं

दवाखान्याच्या रांगेत पंखेवाल्यानं तिसऱ्यांदा आपली जागा मागच्याला दिली, तेव्हा बाकावर बसलेल्या ताईनं मान वर केली.

"काय चाललंय तुझं? बसमधली सीट आहे का ही, या बसा म्हणायला?"

"त्यांना कामावर जायचंय गं."

"आणि तुला कुठं जायचंय? हवा खायला?"

मागचे दोघं हसले. पंखेवालाही हसायला गेला, पण मध्येच जांभई आली आणि हसू तिथंच राहिलं. सकाळपासूनची ही बारावी की तेरावी जांभई. नाक गळत होतं, दंडांवर काटा येत होता, जात होता, आणि पाय काही केल्या एका जागी ठरत नव्हते. नशेऐवजी रोज घ्यायच्या औषधाचा, काल पहाटे सहाला तुरुंगात घेतलेला, अंमल उतरत चालला होता. त्याचं त्याला फारसं काही नव्हतं. अंमल उतरतो, औषध घेतलं की पुन्हा जागेवर येतो. आज पहिल्यांदाच त्याला औषधाची भीती वाटत होती.

पंखेवाला हे नाव तुरुंगातलं. आत बंद पडलेले पंखे तोच दुरुस्त करायचा. बाहेर त्याचा धंदा पंपाच्या मोटारी भरायचा. जळालेल्या मोटारीतली काळी पडलेली तार काढायची, नवी तार वेढे मोजत गुंडाळायची. ताई आणि दाजींच्या दुकानात तो हे शिकला आणि पुढं पावडरीच्या नशेपायी एका पंपघरातली तांब्याची तार उपसून विकली. गंमत अशी, की त्यातल्या दोन मोटारी त्यानंच भरलेल्या होत्या. पोलिसांना फार डोकं चालवावं लागलं नाही. इतक्या सफाईनं तार काढणारा त्या भागात दुसरा होताच कोण?

आता दहा महिने आधी सुटका मिळाली होती, ती ताईच्या शब्दावर. सुटलेल्यांवर देखरेख ठेवणाऱ्या साहेबांसमोर उभं राहून ताईनं सांगितलं होतं, माझ्याकडे राहील, माझ्या दुकानात काम करील, रोज सकाळी मी स्वतः औषधाला नेईन. कागदावर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की औषधाचा गैरवापर आढळला तर उरलेले दहा महिने आत. ती ओळ ताईनं साहेबांना मोठ्यानं वाचायला लावली होती, आणि मग, "हे लागू पडायचं नाही," असं म्हणून सही केली होती.

तिच्या मांडीवर प्लॅस्टिकची फाइल होती. फाइलीत दोन कागद. एक तुरुंगाच्या दवाखान्याची चिठ्ठी: रोज सत्तर मिलिग्रॅम, पंधरा महिने, एकही दिवस चुकलेला नाही, पुढं हीच मात्रा चालू ठेवावी. दुसरं प्रमाणपत्र: उपचारात आदर्श सहकार्य. ते दाजींनी काल संध्याकाळीच लॅमिनेट करून आणलं होतं.

"दुकानात लावायचं म्हणतात," ताई म्हणाली. "दरपत्रकाच्या शेजारी."

"नको गं."

"का नको? एवढ्या वर्षांत तुझ्या नावाचा चांगला कागद हा पहिला. बाकीचे सगळे कोर्टाचे."

पंखेवाल्यानं बोटांनी डावा गाल चाचपला आणि तो जागच्या जागी थिजला. गालात स्पंज होता.

तो कधी ठेवला, हे त्याला आठवेना. मग आठवलं. सकाळी दुकानातल्या स्टुलाच्या फाटक्या गादीतून त्याच्या बोटांनी सुपारीएवढा तुकडा खुडला होता, नळाखाली धुतला होता आणि गालात सरकवला होता. डोक्याला विचारलंसुद्धा नव्हतं. लोक चष्मा लावतात तसं.

अकरा महिने रोज हेच चाललं होतं. चिठ्ठीत लिहिलेलं खोटं नव्हतं, एकही दिवस चुकला नव्हता. फक्त औषध सगळं पोटात गेलं नव्हतं. बरॅकमध्ये मास्तर म्हणून एक होता. त्यानं आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं, पण कुणी पंख्याखाली झोपायचं आणि कुणी संडासाच्या दाराशी, हे तोच ठरवायचा. सरबतासारखं ते औषध त्याला हवं असायचं, पुढं विकायला. पंखेवाल्यानं पहिले काही महिने दाद दिली नाही. मग एके दिवशी त्याचा उजवा अंगठा मागं वळवला गेला आणि कट्‌ असा आवाज आला. मोटार भरणाऱ्याचा अंगठा. दुसऱ्या दिवसापासून तो द्यायला लागला. वीस मिनिटांत चाळीस माणसं उरकायची असल्यामुळं कंपाउंडर 'तोंड उघड, जा पुढं' एवढंच करायचा. मग गालातला औषधानं भिजलेला स्पंज न्हाणीघरात पिळायचा, बाटलीच्या बुचात. दोन बुचं, काठोकाठ. मास्तर स्वतः बघायचा. उरेल ते आपलं.

म्हणजे चिठ्ठीवर सत्तर होते आणि शरीराला सवय होती ती त्यातल्या उरल्यासुरल्याची.

आणि खिडकीपलीकडची सिस्टर चिठ्ठी वाचूनच औषध ओतणार होती.

*

पहिला विचार सोपा होता. स्पंज आहे, जमतंय, तेच करायचं. कोपऱ्यावर जाऊन गटारात पिळून टाकायचं, हळूहळू डॉक्टरांना मात्रा कमी करायला सांगायची, कुणाला पत्ता लागणार नाही. या विचारानं त्याला पाच मिनिटं बरं वाटलं. मग तो खिडकी दिसेल इतका पुढं सरकला.

सिस्टर बुटकी होती, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. औषधाचा छोटा पेला ती हातात द्यायची, डोळ्यांसमोर प्यायला लावायची, त्यावर पाण्याचा मोठा ग्लास, तोही शेवटच्या थेंबापर्यंत. मग भिंतीवरचं वेळापत्रक मोठ्यानं वाचायला लावायची.

"तोंडपाठ आहे सिस्टर," रांगेतला तोफ म्हणाला. हा अवाढव्य माणूस, तुरुंगातून सुटून याला दोन वर्षं झाली होती आणि त्याचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. "दंतवैद्य मंगळवारी, समुपदेशन बुधवारी, रक्ततपासणी उपाशीपोटी."

"पाठ आहे ना? मग उलटं म्हण."

"पोटीउपाशी," तोफ म्हणाला, आणि रांग खिदळली.

गालात स्पंज ठेवून हे कुणाला जमलं नसतं. पंखेवाल्यानं रुमाल तोंडाशी नेला आणि तुकडा त्यात काढून घेतला.

"काय खातोयस?" ताईनं बाकावरून विचारलं.

"दातात अडकलं होतं काहीतरी."

"उपाशीपोटी काय अडकतंय तुझ्या दातात?"

तो पुन्हा एक नंबर मागं गेला.

तोफ औषध घेऊन बाहेर निघाला होता, तो याला बघून थांबला. "तू त्याच बरॅकचा ना? पुस्तक्या होता त्या?"

"हो."

"वाईट झालं. पण काय म्हणायचं. सुटला आणि तिसऱ्या दिवशी खलास. इतका अधाशीपणा बरा नव्हे." तोफ आवाज खाली आणायचा प्रयत्न करत होता, पण त्याला ते जमत नव्हतं. "त्याची आई इथं येऊन गेली. सिस्टरशी भांडली. म्हणे, माझ्या मुलानं पावडरीला हात लावला नव्हता, तुमच्या औषधानंच गेला. आईच ती, आणखी काय म्हणणार?"

"हं," पंखेवाला म्हणाला.

पुस्तक्या तुरुंगात वाचनालयाचं रजिस्टर सांभाळायचा. औषधाच्या रांगेत तो याच्या पुढं उभा असायचा आणि न्हाणीघरातसुद्धा याच्या आधी पिळायचा. दोन बुचं. चार आठवड्यांपूर्वी तो सुटला. तिसऱ्या सकाळी आई चहा घेऊन गेली, तर अंग गार. आत बातमी आली ती अशी, की बाहेर पडल्या पडल्या पावडरीवर तुटून पडला. सगळ्यांनी मान हलवली. पंखेवाल्यानंही हलवली. चार दिवसांनी न्हाणीघरात स्पंज पिळताना त्याचा हात मध्येच थांबला. बाहेर दोन बुचं मागणारा कोणी नाही. बाहेर तर सगळंच पोटात जातं.

तेव्हापासून त्याला नीट झोप लागली नव्हती. आत बोलायची सोय नव्हती, मास्तर होता. आणि सुटका तीन आठवड्यांवर आली होती. बाहेर जाऊन बघू, असं त्यानं मनाला सांगितलं. आता तो बाहेर होता आणि बघायची वेळ आली होती.

न घेता निघून जावं? पहिल्याच दिवशी गैरहजर, म्हणजे दुपारपर्यंत देखरेखीच्या साहेबांना फोन. आणि फोन नाही झाला तरी, संध्याकाळपर्यंत हे अंग असंच जळत राहिलं, की पाय त्याला न विचारता कुठल्या कोपऱ्यावर नेतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. स्पंज खुडणाऱ्या बोटांवर त्याचा आता काडीचा विश्वास उरला नव्हता. पिऊन टाकावं? पुस्तक्याला जमलं नाही, पण कुणाकुणाला पचतही असेल.

तो ताईपाशी गेला. "तू जा ना दुकानात. दाजी एकटे आहेत. मी घेतो आणि येतो."

"पहिल्या दिवशी हमीदारानं समोर उभं राहून मात्रा बघायची असते. सही करायची असते. कागद वाचलास का तू?"

"ताई, तू जरा..."

"काय जरा? काल रात्रीपासून पिंजऱ्यातल्या माकडासारखा येरझाऱ्या घालतोयस. घाबरायला काय झालं? पंधरा महिने रोज घेत होतास. आज काय विष आहे का ते?"

त्यानं रुमाल खिशात खोल सारला. ताईला गप्प बसणारी माणसं आवडत नसत. ती स्वतः बोलत बोलत कामं करायची. दुकानात कॉइल भरताना ती गिऱ्हाइकाशी वाद घालायची, दाजींना टोमणे मारायची, शेजारणीच्या सुनेची बाजू घ्यायची, आणि दोनशे चाळीस वेढ्यांत एकाचीही चूक व्हायची नाही. दाजी म्हणायचे, हिच्या डोक्यात मीटर आहे, आणि तोंडाला वेगळी लाइन.

"आता कुणाला पुढं सोडलंस ना, तर बघ," ती म्हणाली.

सोडायला कोणी उरलंच नव्हतं. रांग संपली होती.

*

सिस्टरनं चिठ्ठी वाचली, प्रमाणपत्रही वाचलं आणि लॅमिनेशनवरून अंगठा फिरवला. "छान," ती म्हणाली, फारसं मनात न आणता. मग तिनं ठरलेले प्रश्न विचारले. कालचं औषध किती वाजता? दारू? झोपेच्या गोळ्या? दुसरं काही? पंखेवाला उत्तरं देत गेला. ती मोजपात्र उजेडात धरून औषध ओतत होती. चौदा मिलीच्या रेघेला डोळा नेऊन तिनं ते तपासलं. सत्तर मिलिग्रॅम. पेला खिडकीच्या फळीवर आला.

"आणखी काही सांगायचंय?" हा शेवटचा प्रश्न ती सगळ्यांना विचारायची. तोफ रोज त्यावर काहीतरी विनोद करायचा.

पंखेवाल्यानं पेला उचलला. रंग तोच, वासही तोच. शेजारी ताई पेनाचं टोपण काढून सहीसाठी उभी होती.

त्यानं पेला परत फळीवर ठेवला, खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि स्पंजचा तुकडा पेल्याशेजारी ठेवला.

"मला एवढ्याची सवय नाही," तो म्हणाला.

"काय आहे हे?" ताईनं विचारलं.

सिस्टरनं विचारलं नाही. तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "किती दिवस?"

"अकरा महिने."

"रोज?"

"रोज. दोन बुचं."

"कसली बुचं?"

"पाण्याच्या बाटलीची. काठोकाठ."

सिस्टरनं टेबलावरची स्वतःची बाटली घेतली, बूच काढलं, काठोकाठ भरलं आणि बिनसुईच्या सिरिंजनं ते पाणी ओढून घेतलं. सिरिंज उजेडात धरली. "पाच मिली. दोन म्हणजे दहा. एका मिलीत पाच मिलिग्रॅम, म्हणजे पन्नास गेले. उरले वीस."

"थुंकीपण असायची त्यात."

"म्हणजे वीस ते चाळीसच्या मधे कुठंतरी. नक्की काहीच नाही." हे ती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली. मग तिनं फळीवरचा पेला झटकन आपल्या बाजूला ओढला, जणू कुणी तो पिऊन टाकील. "आणि हे सत्तर आज कदाचित तू पचवलंही असतंस. हे औषध अंगात साठत जातं. दुसऱ्या दिवशी थोडं, तिसऱ्या दिवशी..."

ती थांबली. तिचा हात पेल्यावर तसाच राहिला.

"बरॅक कुठली तुझी?"

त्यानं सांगितली.

"पुस्तकांचं रजिस्टर ठेवणारा एक होता," ती म्हणाली. "तो पण द्यायचा?"

"माझ्या पुढं उभा असायचा."

सिस्टर खुर्चीवर बसली. खिडकीतून आता फक्त तिचा भांग दिसत होता. मग म्हणाली, "मी तीन दिवस त्याला ओतून दिलं. चिठ्ठीत होतं तेवढंच. त्याच्या आईला मी म्हणाले, की मुलांवर इतका विश्वास ठेवू नये."

ताईच्या हातात उघडं पेन तसंच होतं.

"आणखी कोण कोण द्यायचं?" सिस्टर उठून उभी राहिली होती. तिचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता, थोडा जास्तच. "नावं सांग. सुटणारे आहेत त्यांची आधी."

पंखेवाल्यानं पाच जण सांगितले. त्यातले दोघे या महिन्यात सुटणार होते, एक तर येत्या बुधवारी. घेणाऱ्याचं नाव तिनं विचारलं नाही, ते त्यानं आपणहून सांगितलं. ती लिहून घेत होती.

"हे लिहावं लागणार," ती न बघता म्हणाली. "मात्रा सत्तरची वीस करायची तर कारण लिहावं लागतं. कारण लिहिलं की ते देखरेखीच्या साहेबांकडे जातं. माझ्या हातात नाही."

"माहीत आहे."

"सक्ती झाली होती, हेही लिहिते. ते मानतील की नाही, सांगता येत नाही. सोमवारी येतात ते."

"अंगठा," ताई एकदम म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"अंगठा पंख्यात सापडला म्हणाला होतास मला. मी भेटायला आले होते तेव्हा."

पंखेवाल्यानं खाली पाहिलं.

"दर महिन्याला यायचे मी. दोन बस बदलून. कसं आहे औषध, म्हणायचे. चांगलं लागू पडलंय, म्हणायचास." तिनं पेनाचं टोपण लावलं, ते पहिल्या खेपेला बसलं नाही, दुसऱ्यांदा लावलं. "त्या साहेबांसमोर उभं राहून मी म्हणाले, हे लागू पडायचं नाही."

"ताई..."

"माझ्याशी बोलू नकोस."

*

डॉक्टर दहाला आल्या. त्यांनी त्याच्या डोळ्यांत विजेरी मारली, नाडी पाहिली, सिस्टरचा कागद दोनदा वाचला आणि वीस लिहिलं. नक्की ठाऊक नसतं तेव्हा कमी बाजूनं चालावं, म्हणाल्या. आज अंग दुखेल, झोप येणार नाही, चिडचिड होईल, उद्या बघू. चार तास इथंच थांबायचं.

चार मिली औषध त्यानं एका घोटात घेतलं, पाणी प्यायला, वेळापत्रक वाचलं. दंतवैद्य मंगळवारी. तोंड संपूर्ण रिकामं करून औषध घेण्याची ही अकरा महिन्यांतली पहिली वेळ, आणि गालाला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. जीभ पुन्हा पुन्हा तिथं जात होती.

मागच्या खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि भिंतीवर घड्याळ. सिस्टर दारात उभी राहून फोनवर बोलत होती. तुरुंगाच्या दवाखान्यात कोणी फोन उचलत नव्हतं, मग कोणीतरी उचलला आणि दुसऱ्याकडे दिला. "बुधवारी सुटतोय तो," ती तिसऱ्यांदा सांगत होती. "नाही, फाइल नको, माणूस द्या बोलायला." खिडकी बंद झाल्यावर ती कुठं जाणार, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. पण फोन ठेवल्यावर कपाटातून पुस्तक्याची फाइल काढून तिनं तिच्यातला घरचा पत्ता उतरवून घेतला, ते पंखेवाल्याला खाटेवरून दिसलं.

मग ती ताईकडे आली. आपण जायचं की थांबायचं हे न ठरल्यामुळं ताई पर्स खांद्याला लावून उभीच होती.

"मला पुढचे पेशंट आहेत," सिस्टर म्हणाली. "दर पंधरा मिनिटांनी याचे श्वास मोजायचे. पूर्ण एक मिनिट. छाती वर आली की एक. इथं लिहायचं. दहाच्या खाली गेले, किंवा हाक मारून डोळे उघडले नाहीत, तर मला ओरडून बोलवा. जमेल?"

ताईनं कागद घेतला. पर्स खाली ठेवली. खुर्ची खाटेच्या जवळ ओढली, पण त्याच्याकडे न बघता घड्याळाकडे तोंड करून बसली. मग लक्षात आलं, की असं बसून छाती दिसणार नाही. खुर्ची फिरवली.

पहिल्यांदा सतरा. मग सोळा. मग पुन्हा सोळा. पेन्सिलीनं ती आकडे एकाखाली एक लिहीत होती, दुकानात वेढे लिहायची तसे, ठाशीव. पंखेवाला कुशीवर वळला, उताणा झाला, गुडघे पोटाशी घेतले, पुन्हा सोडले. पाय थांबत नव्हते. अंग मागत होतं आणि अंगाला आज मिळणार नव्हतं.

"दाजींना काय सांगशील?" त्यानं छताकडे बघत विचारलं.

ताईनं सोळाच्या खाली रेघ ओढली.

"ते प्रमाणपत्र..."

"गप्प पड."

"सोमवारी साहेब आले आणि म्हणाले चल, तर दुकानातली ती तीन हॉर्सपॉवरची मोटार अर्धीच राहील. आजच संध्याकाळी तेवढी..."

"आठ, नऊ," ताई म्हणत होती. मग तिचा आवाज थांबला. तिनं घड्याळाकडे पाहिलं, त्याच्या छातीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं.

"काय झालं?"

"बोलू नकोस ना रे बाळ," ती म्हणाली. "चुकलं माझं. पुन्हा पहिल्यापासून मोजते."

त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती, छातीवर नजर लावून घड्याळाचा काटा बाराशी यायची वाट बघत होती. तो उताणा झाला, पाय एकमेकांत अडकवून धरले आणि तिला नीट दिसावा म्हणून श्वास जरा मोठा घेतला.

"मुद्दाम घेऊ नकोस," ताई म्हणाली. "आपोआप येतात तेच मोजायचेत."